आजारपणात काढलेला डी चा रिपोर्ट आणि आमच्या माईंचं कॅल्शियम

संपादक साहेब, स.न.वि.वि.

रविवारी तुमच्या आरोग्याच्या पानावर आलंय ना, की ज्यांचं व्हिटॅमिन डी कमी असतं त्यांना फ्लू आणि कोविड जास्त जड जातो, म्हणून थंडी पडायच्या आत सगळ्यांनी डी तपासून घ्या आणि कमी असेल तर भरून काढा, ते वाचून लिहायला बसलोय. त्यातलं पहिलं अर्धं बरोबर आहे. दुसऱ्या अर्ध्यापायी आमच्या घरातलं एक माणूस हॉस्पिटलात जाऊन आलंय, म्हणून पत्र लांबेल, कापायचं तर कापा पण आकडे कापू नका.

मी डॉक्टर नाही. बडोद्यात बत्तीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होतो, आता रिटायर. मी लागलो तेव्हा व्हिटॅमिन डी ची टेस्ट महिन्यातून एखादी यायची, सॅम्पल बर्फात घालून मुंबईला जायचं आणि रिपोर्ट यायला आठवडा लागायचा. शेवटच्या काही वर्षांत मात्र असा दिवस नव्हता की डी च्या ट्यूबा स्टँडवर नाहीत, कारण प्रत्येक फुल बॉडी पॅकेजमध्ये ते आहेच, आणि दहातल्या सात-आठ रिपोर्टांवर लाल अक्षरात लो. सुरुवातीला आम्हालाच वाटायचं मशीन बिघडलं की काय. मशीन ठीक होतं. आपल्या लोकांचं डी कमी असतंच, कर्कवृत्ताच्या जवळ राहून, हे उन्हाचं शहर असून, कारण ऊन रस्त्यावर आहे आणि आपण फ्लॅटमध्ये.

आता माईंचं सांगतो. माई म्हणजे माझी मोठी वहिनी, वय ७६, दांडिया बाजारात दुसऱ्या मजल्यावर राहतात, शुगर आहे, गुडघ्यांमुळे दीड वर्ष जिना उतरलेल्या नाहीत. यंदा उत्तरायणाला (म्हणजे संक्रांतीला, इथे पतंगांचा सण) घरातली सगळी पोरंटोरं अगाशीवर (गच्ची म्हणा, पण इथे कोणी म्हणत नाही), दिवसभर ऊन खात, उंधियू खात, आणि माई खाली एकट्या खोलीत. नातवंडांना सर्दी होतीच. वासी उत्तरायणाच्या, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या, संध्याकाळी माईंना ताप भरला. मग काय, फॅमिली डॉक्टर गावाला, घरात पाहुणे, पॅरासिटामॉल आणि काढा असं करत करत चौथा दिवस उजाडला आणि ऑक्सिमीटरवर ८७ दिसल्यावर धावाधाव झाली. इन्फ्लूएंझा ए पॉझिटिव्ह, दोन्ही फुफ्फुसांत निमोनिया, पाच दिवस ऑक्सिजन.

हॉस्पिटलातल्या तिसऱ्या दिवशी सगळी रक्तं काढली त्यात डी पण होतं. आलं ९, आणि ३० च्या खाली गेलं की रिपोर्टवर लो छापतात. राऊंडला आलेल्या एका ज्युनिअर डॉक्टरांनी सहज म्हटलं, बघा डी किती कमी आहे, म्हणूनच एवढं वाढलं. हे वाक्य पुतण्याच्या डोक्यात जे बसलं ते बसलं. त्याचा काही दोष नाही हो, आई ऑक्सिजनवर असताना माणसाला काहीतरी नाव हवं असतं चोर म्हणून, आणि हा चोर वीस-तीस रुपयांच्या पुडीत पकडता येत होता.

डिस्चार्ज कागदावर होतं ६०,००० युनिटचा सॅशे आठवड्यातून एकदा, आठ आठवडे. मेडिकलवाल्याने बाकीच्या गोळ्यांसारखं त्या पाकिटावरही पेनने १-०-० लिहून दिलं. म्हणजे रोज सकाळी एक. सूनबाई बिचारी रोज सकाळी दुधात ती गोड पूड ढवळून द्यायची, आणि पुड्या संपल्या की पुतण्या चिठ्ठी न दाखवता नवीन आणायचा, वर दोन वेळा कॅल्शियमची गोळी. कोणीही विचारलं नाही. मी पण नाही, आणि मी बत्तीस वर्षं हेच आकडे छापत होतो.

मार्चच्या शेवटी माई जेवेनाशा झाल्या, उलट्या, पाच-पाच दिवस पोट साफ नाही, तांब्यावर तांबे पाणी, आणि एका रात्री मुलाला त्यांच्या वारलेल्या भावाच्या नावाने हाक मारायला लागल्या. घरात सगळे म्हणाले वय झालं, आता हे असंच. मला काय सुचलं देव जाणे, पाणी फार पितायत हे ऐकून म्हटलं शुगर आणि कॅल्शियम दोन्ही काढा. शुगर बरी होती. कॅल्शियम १३.९. नॉर्मल जेमतेम साडेदहापर्यंत धरतात. क्रिएटिनिन २.१, म्हणजे किडनीलाही झळ लागलेली. डी पाठवलं तर मशीनने आकडाच दिला नाही, १५० पेक्षा जास्त एवढंच लिहून आलं.

हिशोब करा. साठेक दिवस रोज ६०,००० म्हणजे ३६ लाख युनिट. आयसीएमआरने (देशाची वैद्यकीय संशोधन परिषद) मोठ्या माणसाला दिवसाला ६०० युनिट सांगितलेत. म्हणजे सोळा वर्षांचा कोटा दोन महिन्यांत पोटात गेला. जास्तीचं व्हिटॅमिन सी लघवीवाटे निघून जातं, डी चरबीत मुरून बसतं, बंद केलं तरी आठवडेच्या आठवडे रक्तात झिरपत राहतं. माईंना सलाईनवर सलाईन चढवून कॅल्शियम खाली आणावं लागलं, पुन्हा नऊ दिवस अॅडमिट, फ्लूच्या वेळेपेक्षा जास्त.

आता मुद्द्यावर येतो. डी ९ आलं म्हणून फ्लू वाढला, की फ्लू वाढला म्हणून डी ९ दिसलं?

हा प्रश्न मला लॅबमध्ये असताना कधी पडला नव्हता, माईंनंतर वाचायला लागलो. रक्तात डी एकटं फिरत नाही, एका प्रोटीनच्या पाठीवर बसून फिरतं. शरीरात मोठी सूज किंवा इन्फेक्शन झालं की ते प्रोटीन कमी होतं आणि त्याच्यासोबत डी चा आकडा पण खाली येतो. गुडघा बदलायच्या ऑपरेशनच्या पेशंटचं डी आधी आणि नंतर मोजून पाहिलंय, एकदोन दिवसांत ते चांगलंच घसरलेलं सापडलं, आणि त्या दोन दिवसांत काय त्यांचं ऊन बंद झालं म्हणून नव्हे. सीआरपी (रक्तातला सूज दाखवणारा आकडा) वर जातो तसं डी खाली जातं. मग निमोनियाच्या तिसऱ्या दिवशी काढलेल्या ९ मधले किती माईंचे आणि किती निमोनियाचे, हे त्या रिपोर्टवरून ब्रह्मदेवाला पण सांगता येणार नाही.

आणि दुसरं. डी कोणाचं कमी असतं? म्हातारी माणसं, जाड माणसं, शुगरवाले, किडनीवाले, घराबाहेर न पडणारे. फ्लू आणि कोविड कोणाला जड जातो? हीच यादी परत वाचा. बडोद्याच्या माणसाला हे समजवायला सोपं आहे. उत्तरायणाच्या दिवशी दवाखान्यात मांज्याने बोट कापून जे येतात त्यातल्या बहुतेकांच्या बोटांना पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली असते. म्हणून चिकटपट्टीमुळे बोट कापतं असं कोणी म्हणतं का? ज्याच्या बोटाला पट्टी तो पतंग उडवणारा, एवढाच त्याचा अर्थ. कमी डी म्हणजे बऱ्याच वेळा ती पट्टी आहे. जगभरातून कोविडच्या काळात जे शेकडो पेपर आले की डी कमी असलेले जास्त दगावले, ते खोटे नाहीत, पण ते पट्टी मोजतायत.

मग खरं कळणार कसं, तर अर्ध्यांना डी द्यायचं, अर्ध्यांना तसंच दिसणारं रिकामं औषध, कोणाला काय दिलं ते पेशंटला पण माहीत नाही आणि डॉक्टरला पण नाही, आणि मग बघायचं. हे झालंय. ब्राझीलमध्ये साओ पाउलोला २०२० मध्ये कोविडने हॉस्पिटलात दाखल झालेल्या २४० लोकांवर केलं, २०२१ ला जामा या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. निम्म्यांना एकाच वेळी २ लाख युनिट डी दिलं. रक्तातला आकडा झकास वाढला, डी वाल्यांचा सरासरी ४४ झाला आणि दुसऱ्यांचा २० च्या आसपासच राहिला. रिपोर्टवर हिरवं झालं. पण हॉस्पिटलातून सुटायला दोन्हीकडे मधला आकडा ७ दिवसच. मृत्यू डी वाल्यांत ९ आणि दुसऱ्यांत ६, एवढ्याशा फरकावरून डी ने मारलं असं कोणी म्हणत नाही, नशिबाचाही भाग असतो, पण वाचवलं असंही म्हणता येत नाही ना.

यावर लगेच उत्तर येतं, आणि ते रास्त आहे, की गाडी सुटल्यावर तिकीट काढून काय उपयोग, डी आधीपासून द्यायला हवं. ठीक. मग ब्रिटनमध्ये ६,२०० लोकांवर करून पाहिलं, त्यातल्या निम्म्यांना तपासणीची सोय देऊन ज्यांचं कमी निघालं त्यांना सहा महिने रोज ८०० किंवा ३,२०० युनिट. श्वासाचे आजार कमी झाले नाहीत, कोविड पण नाही. नॉर्वेमध्ये तर ३४,६०१ माणसांना २०२०-२१ चा हिवाळा घातला, रोज चमचाभर कॉड लिव्हर ऑईल किंवा तसंच दिसणारं मक्याचं तेल. (लहानपणी आमची आई नाक दाबून ते माशाचं तेल पाजायची, मला त्या नॉर्वेवाल्यांची दया आली.) फरक नाही. हां, नॉर्वेत बहुतेकांचं डी आधीच ठीक होतं, ज्याचं भांडं भरलेलं त्यात आणखी ओतून काय दिसणार, हा आक्षेप राहतोच.

तरी मला एकतर्फी लिहायचं नाहीये. २०१७ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात २५ ट्रायल एकत्र करून ११,००० च्या वर माणसांचा हिशोब मांडला होता, त्यात सर्दी-खोकला-फ्लू धरून सगळ्या श्वासाच्या इन्फेक्शनमध्ये डी घेणाऱ्यांना थोडा फायदा दिसला, आणि तो कोणाला, तर ज्यांचं १० च्या खाली होतं आणि ज्यांनी रोज किंवा आठवड्याला छोटा डोस घेतला त्यांना. एकदम मोठा बार उडवणाऱ्यांना नाही. नंतर नवीन ट्रायली येत गेल्या तसा तो फायदा २०२१ मध्ये आणखी बारीक झाला आणि २०२५ च्या हिशोबात इतका बारीक की आहे का नाही ते नक्की म्हणता येईना. ही गोष्ट पेपरात येत नाही. २०१७ ची आली होती, मला आठवतंय.

व्हॉट्सअॅपवर जे फिरलं ते वेगळंच होतं. स्पेनमधल्या कोर्दोबाचं ते, ५० जणांना डी चा एक प्रकार दिला त्यातला फक्त १ आयसीयूत गेला आणि न दिलेल्या २६ मधले १३ गेले. वाचून कोणीही उडेल, मी पण उडालो होतो, सोसायटीच्या ग्रुपवर मीच टाकलं होतं. पण एकूण माणसं ७६, कोणाला काय दिलंय ते डॉक्टरांना माहीत, आणि न दिलेल्या गटात बीपी-शुगरवाले जास्त. एवढा मोठा चमत्कार खरा असता तर ब्राझीलमध्ये निदान त्याची सावली तरी पडली असती.

सी आणि झिंकचं लवकर आटोपतो. २०२० मध्ये अमेरिकेत २१४ घरी असलेल्या कोविड पेशंटना झिंक, सी चा दणदणीत ८,००० मिलिग्रॅमचा डोस, दोन्ही, किंवा काहीच नाही असं देऊन बघितलं, आणि फायदा दिसण्याची शक्यता नाही म्हणून ट्रायल मधेच थांबवली. साध्या सर्दीत रोज सी घेणाऱ्या मोठ्या माणसाची सर्दी साधारण ८ टक्क्यांनी आखूड होते, म्हणजे सात दिवसांतला अर्धा दिवस. त्या अर्ध्या दिवसासाठी २०२० मध्ये आमच्या रावपुऱ्यात सी च्या गोळ्यांना रांगा होत्या, आणि लिंबं काय भावाने विकली गेली ते खंडेराव मार्केटात जाणाऱ्यांना आठवत असेल.

मग व्हिटॅमिन आणि व्हायरस यांचा संबंधच नाही का? आहे, आणि जिथे आहे तिथे तो सणसणीत आहे, म्हणून तर राग येतो. गोवर घ्या. गोवर हवेतून पसरतो, पुरळ दिसतं म्हणून आपण त्याला अंगावरचा आजार समजतो, पण पोरं जातात ती बहुतेक निमोनियाने. १९३२ मध्ये लंडनमध्ये एलिसन नावाच्या डॉक्टरने गोवराच्या ६०० मुलांपैकी ३०० ना कॉड लिव्हर ऑईलसारखं व्हिटॅमिन ए वालं तेल दिलं, दिलेल्यांत ११ गेली, न दिलेल्यांत २६. मग जग हे विसरून गेलं. पुढे आल्फ्रेड सॉमर नावाच्या डोळ्याच्या डॉक्टरांनी इंडोनेशियात पाहिलं की ए कमी पडून रातांधळेपणा आलेली मुलं नुसती आंधळी होत नाहीत, मरतातही जास्त. १९९० मध्ये केपटाऊनच्या १८९ मुलांवरची, कोणाला काय दिलं ते कोणालाच माहीत नसलेली ट्रायल छापून आली, १२ मुलं दगावली, त्यातली १० रिकामं औषध मिळालेली. हा फरक बघा आणि ब्राझीलचा ७ दिवस आणि ७ दिवस बघा.

कारणही समजण्यासारखं आहे, श्वासनळीच्या आणि डोळ्याच्या आतल्या अस्तराला ए लागतं, गोवर ते अस्तर ओरबाडतो आणि शरीरातलं ए पण पटापट संपवतो, आणि ती मुलं आधीच उपाशी. म्हणून डब्ल्यूएचओ सांगतं की गोवर झालेल्या मुलाला लागोपाठ दोन दिवस ए चा डोस द्या, वर्षाच्या वरच्याला २ लाख युनिट. आपल्याकडे नऊ महिन्यांच्या बाळाला गोवर-रुबेलाच्या लसीसोबत अंगणवाडीत ते गोड पिवळं सिरप चमच्याने देतात, ते हेच. तिथे सुद्धा ठराविक डोस, ठराविक दिवस. २०२५ मध्ये टेक्सासमध्ये गोवर पसरला तेव्हा काही आईबाप लसीऐवजी ए पाजत सुटले आणि लिव्हरवर परिणाम झालेली मुलं हॉस्पिटलात आली. म्हणजे तिकडची शिकलेली माणसं पण आमच्या पुतण्यासारखीच.

माझं म्हणणं एवढंच आहे की तापात, खोकल्यात, ऑक्सिजनवर असताना डी काढू नका, आणि काढलं गेलंच तर त्या आकड्यावर आजाराचं खापर फोडू नका. बरं झाल्यावर महिना-दीड महिन्याने काढा, खरंच कमी असेल तर हाडांसाठी घ्या, डॉक्टर सांगतील तेवढं. ज्या अमेरिकन एंडोक्राइन सोसायटीने (हॉर्मोनच्या डॉक्टरांची संघटना) २०११ मध्ये ३० च्या खाली सगळं कमी असं ठरवलं, ज्यामुळे आमच्या लॅबचा धंदा चौपट झाला, त्याच सोसायटीने २०२४ मध्ये सांगितलं की धडधाकट मोठ्या माणसांनी उगाच डी तपासत बसू नका. आणि ७५ च्या वरच्यांना, गरोदर बायकांना, मुलांना, प्रीडायबेटिसवाल्यांना न तपासताच रोजचा डोस चालेल. म्हणजे माईंना ना त्या टेस्टची गरज होती ना ६०,००० ची.

खरं सांगू का, माईंच्या फ्लूमध्ये काय चुकलं ते रक्तात नव्हतंच. फ्लूची गोळी लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांत सुरू झाली तर जास्त उपयोगी पडते, आमचे चार दिवस उत्तरायणात गेले. फ्लूची लस दरवर्षी मिळते, ७६ वर्षांच्या शुगरच्या बाईला एकदाही दिली नव्हती. ऑक्सिमीटर कपाटात होता, २०२१ पासून, सेल गेलेले. कोविडमध्ये ज्याने खरोखर माणसं वाचवली ते जून २०२० मध्ये कळलं, डेक्सामेथासोन, जुनं स्वस्त स्टिरॉइड, व्हेंटिलेटरवरच्यांचे मृत्यू एक तृतीयांशाने कमी, पण ते फक्त ऑक्सिजन लागणाऱ्यांनाच, घरी खायचं नाही. त्याचा कोणी फुल बॉडी पॅकेज काढत नाही म्हणून त्याची जाहिरात नाही.

तुम्हाला दोन विनंत्या. आरोग्याच्या पानावर असं काही छापलं की माणसं किती होती आणि नुसती मोजणी केली की औषध देऊन पाहिलं, एवढी एक ओळ टाकत जा, जागा नसेल तर फोटो लहान करा, तो सूर्यफुलासमोर हात पसरलेल्या बाईचा फोटो तसाही तिसऱ्यांदा आलाय. आणि शहरातल्या मेडिकलवाल्या भाईंना तुमच्या पेपरातून सांगा की ६०,००० च्या पाकिटावर १-०-० नका लिहू, वाराचं नाव लिहा. रविवार म्हणून लिहा. आमच्या सूनबाईला वाचता येतं, तिने रविवारीच दिलं असतं.

माई आता बऱ्या आहेत, कॅल्शियम ९.६, क्रिएटिनिन अजून जरा वर आहे. दुपारी चार वाजता पुतण्या त्यांना खुर्चीसकट अगाशीवर नेतो, त्या म्हणतात ऊन लागतं, सावलीत ठेव. उरलेल्या सात पुड्या मी उचलून माझ्या घरी आणल्यात, औषधाच्या डब्यात तळाशी आहेत, एक्स्पायरी पुढच्या जूनची.

आपला,
एक रिटायर लॅबवाला
बडोदा